रेडिओतली इंदू

“छत्री विसरलात ते जाऊ द्या,” रेडिओतली इंदू नवऱ्याला म्हणाली, “मला बरोबर आणलं होतंत, एवढं तरी आठवतंय का?”

चावडीच्या पडवीत बसलेलं गाव हसलं. सगळ्यांत मोठ्यानं हसणारा माणूस पुढे, पुरुषांच्या बाजूला खांबाला टेकून बसला होता. गोदूला त्याची नुसती पाठ दिसत होती, पण ते हसणं तिनं ओळखलं आणि तिचं स्वतःचं हसू तिथंच विरलं. तो तिचा नवरा होता, भागोजी. आणि या वेळेला भागोजी खारबांधावर असायला हवा होता.

दर ऐतवारी दुपारी मुंबईहून ही श्रुतिका लागायची. एक कारकून, त्याची बायको इंदू आणि दोघांची बोलाचाली, बाकी तीत फारसं काही घडत नसे. पण पंचायतीनं रेडिओ आणल्यापासून गाव ती चुकवत नव्हतं. गोदूला इंदू आवडायची, कारण इंदूचा आवाज कधी खाली यायचा नाही. नवरा चिडला तरी ती आपलं वाक्य पुरं करायची, आणि तो ऐकून घ्यायचा. असं घर गोदूनं रेडिओबाहेर पाहिलं नव्हतं.

भागोजीलाही इंदूच आवडायची. रात्री जेवताना तो तिची वाक्यं तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचा आणि ठसका लागेपर्यंत हसायचा.

आज अमावास्या होती. दुपारचं उधाण, त्यात सकाळपासून खाडीवरून वारा सुटलेला. बांधाच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला, पाण्याहून खाली, सगळ्या गावाचा भात. उधाणाला पाळीपाळीनं एकजण बांधावर फिरायचा. कुठं खेकड्यानं भोक पाडलं असेल, पाणी झिरपत असेल, तर तिथंच चिखल दाबायचा आणि हाक मारायची. आज पाळी भागोजीची होती.

गोदूनं मान वळवून पाहिलं. चावडीवरून बांध काळ्या रेघेसारखा दिसायचा. रेघेला लागून पाणी चकाकत होतं, नको तितकं वर आलेलं. रेघेवर माणूस नव्हता.

“सखुबाय,” ती शेजारच्या जावेला हळूच म्हणाली, “बांध मोकळा हाय गं.”

“गप. इंदू बोलते ना.”

गोदू खोकली. पुन्हा खोकली. भागोजीनं मागं वळून पाहिलं. दोघांची नजर मिळाली. ती काय सांगते आहे ते त्याला कळलं, हे तिलाही कळलं. त्यानं कपाळाला आठी घातली आणि तोंड पुन्हा रेडिओकडं फिरवलं.

तिनं हात मांडीखाली दाबून धरले. रेडिओत कारकून आता ओरडत होता. इंदू काय म्हणते म्हणून सगळे पुढे वाकले.

गोदू उभी राहिली.

“बांधावर कोन हाय?”

आपला आवाज एवढा मोठा आहे, हे तिचं तिलाच नवं होतं. कोणीतरी श्श केलं. मग सरपंच रामचंद्र पाटील जागेवरून उठले.

“पाळी कोनाची?”

गोदूनं भागोजीकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव तिनं तोंडानं कधी घेतलं नव्हतं. पण ती जिकडे बघत होती तिकडे सगळे बघू लागले. भागोजीच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून थोडं उरलं होतं.

मग धावाधाव झाली. रेडिओ बंद करायचं कोणाला सुचलं नाही. बांधाला उघाडीजवळ, पाणी सोडायच्या दारापाशी, खांड पडली होती. हातभर रुंद, पण दोन्ही कडांची माती डोळ्यांदेखत ढासळत होती आणि गढूळ पाणी भातात घुसत होतं. सगळ्यांच्या आधी भागोजीनं उडी घेतली. खांडीला छाती लावून तो उभा राहिला. बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंना भिडले, बायकांनी पेंढा आणि चिखलाच्या पाट्या पोचवल्या. ओहोटी लागेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

दोन खाचरं गेली. खारं पाणी बसलेल्या त्या मातीत आता दोन-तीन पावसाळे काही उगवणार नव्हतं. बाकीचं शिवार वाचलं.

पाटील बांधावर टेकले. चिखलानं माखलेल्या भागोजीकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते गोदूकडे वळले.

“पोरी, तू बोललीस म्हनून गाव यंदा जेवंल.”

सगळ्यांनी ऐकलं. भागोजी हाताच्या बोटांमधला चिखल निपटत होता. तो थांबला, आणि पुन्हा निपटू लागला.

परतताना सखुबाईनं गोदूची पाटी आपल्याकडे घेतली. “आज माज्याकडं ये झोपायला,” ती म्हणाली.

“कशाला?” गोदू म्हणाली, आणि पुढे चालणाऱ्या भागोजीच्या मागून चालत राहिली.

घरी पोचल्यावर भागोजीनं अंगणात पाय धुतले. सावकाश, आधी एक, मग दुसरा. ऊन अजून कौलांवर होतं, रस्त्यावर पोरं खेळत होती. त्यानं तिला आधी आत जाऊ दिलं. असं तो कधी करत नसे.

“त्या इंदूचं बोलनं मला लय आवडतं,” तो आत येत म्हणाला. आवाज शांत होता. “का, म्हाईत हाय?”

गोदू चुलीशी उभी होती.

“ती माज्या घरात न्हाय म्हनून.”

गावात दिवसा कोणी दार लावत नसे. भागोजीनं ते लोटलं, आणि आतून कडी घातली.