आत्याची शिवण

भाचीची कादंबरी आत्याच्या आठवणींवरच बेतलेली होती. युद्धात आत्या कारखान्यात पॅराशूट शिवायची. अजूनही साधा उशीचा अभ्रा शिवला तरी शिवण दोन्ही हातांनी ताणून बघायची. आज भाचीनं शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. नायक विमानातून उडी घेतो आणि पॅराशूट उघडतच नाही. "कसं वाटलं?" भाचीनं हुरळून विचारलं. आत्याच्या हातातला अभ्रा मांडीवर पडला. "ते कुणी शिवलेलं?" "अगं, गोष्ट आहे ही. खरं थोडंच आहे?" "तुझं काय जातंय म्हणायला! आमची उघडली की नाही, सांगायला कुणी आलं नाही. झोपेत अजून शिवणी उसवतात मेल्या." भाचीनं वर्षभर खोदखोदून विचारलं होतं, पण हेच राहून गेलं होतं. तिनं पेन उचललं. "मारायचाच असेल तर खुशाल मार," आत्या अभ्रा ताणत म्हणाली, "पण आधी त्याला जमिनीवर उतरू दे."