सगळ्यांना दिसलेला शनी

"मधून मधून स्वतः डोळा लावून बघत जा. पृथ्वी कुणासाठी थांबत नाही," असं दुर्बीण चालवायला शिकवणारे सर बजावून सांगायचे. पण आज बागेत शनी बघायला एवढी रांग आणि एवढे प्रश्न, की दुर्बीणताईला श्वास घ्यायलाही सवड नव्हती.

"दिसली शनीची कडी?"

"अगंबाई, काय सुंदर!" म्हणत रांगेतल्या एक बाई दुर्बिणीपासून बाजूला झाल्या. मागून त्यांचे यजमान वाकले. बसचे ड्रायव्हर, अंगावर अजून खाकी. बराच वेळ वाकून राहिले.

"मला नुसता काळोख दिसतोय."

"नीट बघा, काका. आत्ता काकूंना दिसली की."

"मामा, चष्मा गाडीतच राहिला वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली. दुर्बीणताईही हसली. "डोळे एकदा तपासून घ्या हं," ती म्हणाली.

ड्रायव्हर हसले नाहीत. एक डोळा झाकून त्यांनी फाटकावरच्या दिव्याकडे पाहिलं, मग दुसरा झाकून.

"ताई, माझ्या मागे गाडीभर माणसं बसतात." आवाज अगदी खाली गेला होता. "डेपोत सांगतो, सकाळची गाडी दुसऱ्याला द्या." बायकोकडे न बघताच ते निघून गेले.

रांग सरकत राहिली. वा! अप्रतिम! डोळ्यांचं पारणं फिटलं! बाई मात्र पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत तिथेच उभ्या. शेवटी दुर्बीणताईच्या कानाशी आल्या.

"रागावू नका. मलाही काही दिसलं नव्हतं. मागे माणसं ताटकळली होती, म्हणून म्हटलं आपलं."

दुर्बीणताईनं डोळा लावला. काळोख. दुर्बिणीला ग्रहामागे फिरवत ठेवणारी मोटर बंद पडली होती, कधीची कोण जाणे. शनी केव्हाच निसटला होता.

"मी सांगून ऐकायचे नाहीत ते," बाई म्हणाल्या. "समजूत काढतेस म्हणतील."

"सांगायचं नाहीच. मी दाखवते त्यांना."

ती रांगेकडे वळली. "माफ करा, चूक माझी आहे. मघापासून दुर्बिणीत शनी नव्हताच."

पारणं फिटलेले गृहस्थ खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले.

दुर्बीणताईनं दुर्बीण तान्ह्या बाळासारखी खांद्याशी धरली. बाईंनी तिवई काखोटीला मारली. फाटकाबाहेर पडताना दोघींनी वर पाहिलं. समोरच्या छपरांवर शनी होता, साध्या डोळ्यांनाही दिसेलसा. दोघी डेपोच्या वाटेला लागल्या.