पूर्वीचा वारा

सासरे स्टुलावर चढून हॉलमधल्या पंख्याची वायर उघडत होते. मेन स्विच चालूच.

"बाबा, निदान मेन तरी बंद करू द्या."

"नको! आत पूर्वी निजलीय. तिचा पंखा थांबला तर जागी व्हईल माजी बाय. गावाला, बेलपाड्याला, आमी लायटीच्या खांबावर चढायचो, काय नाय होत."

मी आतून माझ्या झोपलेल्या लेकीला उचलून आणलं. "मग घ्या हिला. मेन मी बंद करतेय, वारा तुम्ही घाला."

ते उतरले, तिला मांडीवर घेतलं आणि पेपरने वारा घालू लागले.

संध्याकाळी मी बोलावलेल्या वायरमनने पंखा जोडला. "ताई, मेन चालू करू?"

मांडीवर नात घेऊन बाबांचाही डोळा लागला होता. हातातला पेपर मात्र झोपेतच हलत होता.

"थांब जरा," मी कुजबुजले. "अजून वारा येतोय."