न हलणारा आकडा

फ्रीजच्या जुन्या स्टॅबिलायझरची सुई दिवसभर नाचायची, म्हणून सासरे स्टूल टाकून त्याच्यासमोर पहाऱ्याला बसायचे. नवा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर आला आणि त्याचा आकडा दोनशे वीसवर जो बसला, तो हलेचना. सासरे रिकामे झाले आणि स्टुलासकट स्वयंपाकघरात येऊन बसले. आठव्या दिवशी सुनेने मेकॅनिकला बोलावलं.

"ताई, बाहेरून वीज कमीजास्त येतेय, पण हा पठ्ठ्या फ्रीजला बरोबर दोनशे वीसच देतोय. बिघाड कसला?"

तेवढ्यात आतून सासऱ्यांचा आवाज आला, "सूनबाई, कांदा एवढा जाड चिरतात का?"

"हाच बिघाड," सून हळूच म्हणाली. "दादा, आकडा जरा हलता नाही का करता येणार?"

मेकॅनिक हसला. त्याने एक बटण दाबून बाहेरून येणाऱ्या विजेचा आकडा पडद्यावर आणला आणि हाक मारली, "काका, जरा बघता का हे?"

"एकशे ऐंशी! अगं, फ्रीज बंद कर आधी!" सासऱ्यांनी धावत जाऊन स्टूल आणलं.



"हो बाबा, केला!" म्हणत सुनेने फ्रीज चालूच ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदे मनासारखे जाड चिरले.