पाच तक्रारींची बेरीज

"आकडेताई, तुमच्या हिशेबाने हा माणूस ठणठणीत होता!" डॉक्टर दारातूनच कडाडले. "आत्ता अतिदक्षता विभागात हलवला त्याला. बेरीज किती दाखवत होतात तुम्ही? दोन!"

एवढं बोलून ते तरातरा निघूनही गेले. आकडेताई जागच्या जागी गार पडली.

रुग्णालयात तिला सगळे याच नावाने ओळखत. रोज सकाळी सिस्टर प्रत्येक रुग्णाला ढीगभर प्रश्न विचारत. त्यांतल्या पाचच तक्रारी तिने संगणकासाठी लिहिलेला कोड निवडायचा. वेदना, धाप, मळमळ, चक्कर, अशक्तपणा. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. मग बेरीज. जास्त बेरीजवाल्यांकडे डॉक्टर आधी जात, कमीवाल्यांना दुपार झाली तरी कुणी विचारत नसे.

तिने कोड उघडला. नोकरीची भीती होतीच, पण ती परवडली. त्याच वॉर्डात तिचे बाबा होते, परवाच पोटाचं ऑपरेशन झालेले. आज त्यांची बेरीज होती शून्य. ते शून्य पाहून बाई सकाळपासून खुशीत गुणगुणत होती!

चूक सापडली. रिकामा रकाना आला की कोड अडून बसायचा, म्हणून मागे कधीतरी तिनेच त्याला सांगून ठेवलं होतं, रिकामे सोड आणि उरलेल्यांची बेरीज कर. आता रकाना रिकामा कुणाचा राहणार? ज्याला बोलवत नाही त्याचा. बरा होत आलेला माणूस तावातावाने पाचही तक्रारी सांगतो. ज्याची शुद्धच हरपत चाललीय, तो काय सांगणार कपाळ! म्हणजे जो सगळ्यांत अत्यवस्थ, त्याचीच बेरीज सगळ्यांत कमी. महिनोन्‌महिने हे असंच चाललं होतं आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आणि पाचही रकाने रिकामे असले, तर बेरीज शून्य. बाबांची आली होती तशी!

तिने घाईघाईने नियम बदलला. एक जरी रकाना रिकामा असेल, तरी तो रुग्ण सगळ्यांत वर. पडद्यावर काही खाटा झरझर वर सरकल्या. बाबांची खाट त्यांत नव्हती. तिचा विश्वास बसेना. तिने त्यांची ओळ पुन्हा पुन्हा पाहिली. पाचही रकाने भरलेले होते. पाचही ठिकाणी खरंखुरं शून्य.

हुश्श! तिचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच वॉर्डात फोन लावला आणि मोठ्या सिस्टरांना त्या खाटांचे नंबर सांगितले.

"यांच्याकडे आधी डॉक्टर पाठवा, सिस्टर. माझीच चूक झालीय. बाबांचं ठीक आहे, त्यांनी सगळी उत्तरं दिलीत."

"पाठवते गं, लगेच पाठवते," सिस्टर म्हणाल्या. "पण बाबांनी कुठे उत्तरं दिली? मी विचारायला आले तेव्हा तूच बसली होतीस ना उशाशी? तूच म्हणालीस, 'गाढ झोपलेत, उठवू नका. काही दुखत नसणार. शून्य लिहा.'"

सकाळी घाईत म्हटलेलं ते वाक्य आकडेताई विसरूनही गेली होती. कोडने केलं तेच तिने स्वतःच्या तोंडाने केलं होतं.

"उठवा त्यांना," ती ओरडली. "सिस्टर, आधी हाक मारा त्यांना!"

फोन तसाच ठेवून सिस्टर धावल्या. लांबून त्यांचा आवाज येत होता. "काका! अहो काका!" मग पुन्हा, आणखी मोठ्याने. आकडेताईने डोळे गच्च मिटले.

बऱ्याच वेळाने फोनमध्ये धाप लागलेल्या सिस्टर बोलल्या. "उठले गं बाई. कण्हताहेत नुसते. पोट भयंकर दुखतंय म्हणतात, डॉक्टर आलेत बघायला. मी खाडाखोड करते इथे. वेदना किती लिहू? आठ? नऊ?"

"मला नका विचारू हो," आकडेताई हुंदके देत म्हणाली. "त्यांना विचारा."