सुलोचनेची संमती

"हे चेतापेशींचे धागे तुमच्याच मूळपेशींपासून वाढले आहेत, काका," संशोधक मृण्मयी म्हणाली. तिच्या प्रयोगासाठी दोन महिन्यांपूर्वी मी कमरेच्या हाडातली मज्जा दिली होती.

कंपवातामुळे माझ्या पत्नीची, सुलोचनेची, मान स्थिर राहत नाही. तिला सूक्ष्मदर्शकातून पाहता यावे म्हणून मी दोन्ही हातांनी तिचे डोके धरले.

"यांच्या कमरेतून मेंदू निघाला?" ती म्हणाली. "तरीच डोक्यात सापडत नव्हता."

दोघी हसल्या. मला हसता आले नाही. या पेशी एक दिवस तिच्या मेंदूत रुजतील, या एकाच आशेने मी त्या दिल्या होत्या. खिशातल्या कागदावर अकरा प्रश्न क्रमाने लिहिले होते. ही आशा खरी ठरेल का, हे विचारण्याचे धैर्य नव्हते, म्हणून तो प्रश्न सर्वांत खाली होता.

सुलोचनेने तोच आधी विचारला. "माझ्या उपयोगाचं आहे का गं हे?"

"नाही, काकू," मृण्मयी हळू आवाजात म्हणाली. "उपचार फार दूर आहे. सध्या कंपवातात मेंदूतल्या पेशी का मरतात, एवढंच शोधतोय."

"मग आजारी माणसाच्या पेशी नकोत का?"

"हव्यात. तुम्हाला विचारायचा धीर होत नव्हता."

सुलोचना माझ्याकडे वळली. "खरं सांगा, दुखतं का?"

चाळीस वर्षे तंत्रनिकेतनात मी मोजमाप शिकवले. या वेळी नेमके उत्तर दिले. "चार दिवस कुशीवर वळता येत नाही."

"आणि मला म्हणालात, मुंगी चावल्यासारखं," असे म्हणून तिने मृण्मयीकडे संमतिपत्र मागितले.