जिवंत आणि दिवंगत

"रविवारपर्यंत अख्ख्या मोरावा नदीच्या खोऱ्यात कुणीही मोबाइलवर थडग्याचा दगड शोधू दे, पहिला मीच दिसणार," असं ओब्राद काफानात, म्हणजे गावच्या दारूच्या अड्ड्यावर, राकियाचे दोन पेले रिचवून सगळ्यांना सांगून आला.

आत्तापर्यंत पहिला दिसायचा तो समोरचा पाथरवट वुकाशिन. गिऱ्हाईक मोबाइलकडे बघत बघत ओब्रादच्या दारावरून सरळ रस्ता ओलांडायचं. ओब्राद हातात छिन्नी धरून नुसता जळायचा. त्या वुकाशिनला धड गुलाब कोरता येत नाही, कोबी कोरतो.

ओब्रादची बायको स्तामेना पस्तीस वर्षं वाचनालयात होती. तिनं समजावलं, की तुझ्या वेबसाइटवर दोनशे फोटोंचा नुसता ढीग पडलाय. काळा दगड, पांढरा दगड, नक्षीवाले, असे विभाग कर. लोक तसंच शोधतात.

"तसे त्यानं केलेत," ओब्राद म्हणाला. "लोक दगड नाही शोधत बाई. माणसं शोधतात."

मग त्यानं दोनच विभाग केले, जिवंत आणि दिवंगत. प्रत्येक फोटोखाली पूर्ण नाव. गावात जोडपी धडधाकट असतानाच दोघांचा मिळून दगड करून ठेवतात, मृत्यूचं साल तेवढं कोरं. ओब्रादचे फोटो सगळे तेव्हाचेच. त्यामुळे कोण उरलंय आणि कोण नाही, ते त्यानं आठवणीनंच ठरवलं. ईस्टरपासून जो काफानात दिसला, तो जिवंत.

रविवारी तो खरंच पहिला आला. गावातल्या कुणाचंही नाव टाका, सगळ्यात वर ओब्राद. सोमवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात चार पुष्पचक्रं येऊन पडली. मिलुंकाबाईचा मुलगा काळा सूट घालून जर्मनीहून आला, तर आई अंगणात मिरच्या भाजत बसलेली. काफानात बायका जातच नाहीत. ओब्रादनं गावातल्या झाडून सगळ्या बायका मारल्या होत्या.

दुपारी त्या आल्या, तोंडाला येईल ते बोलल्या आणि तशाच पलीकडे वुकाशिनकडे गेल्या. ओब्राद खिडकीतून मोजत राहिला. एकवीस.

तेवढ्यात स्तामेनानं मोबाइलवर स्वतःचं नाव टाकून पाहिलं. तिचा आणि ओब्रादचा मिळून केलेला दगड वर आला, तिचं नाव 'दिवंगत'मध्ये.

"मीपण?"

"तू कधी येतेस काफानात?" ओब्राद म्हणाला.

ती डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडली.

शुक्रवारी वुकाशिनच्या वेबसाइटवर 'एकट्यासाठी' नावाचा नवा विभाग उघडला. त्यात सध्या एकच दगड आहे, स्तामेनाचा.